मधुमेही बोका, तोंडाचा जुनाट दाह आणि प्रतिकारशक्तीवरचे अपारंपरिक उपचार

नीलमोहर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी नऊ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका आहे. त्याचे नाव शामू. त्याला मधुमेह आहे आणि दिवसातून दोन वेळा ग्लारजिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन दिले जाते. सुईची त्याला सवय झाली आहे आणि आम्हालाही. परंतु साखर स्थिर राहत नाही आणि इन्सुलिनची मात्रा हळूहळू वाढवावी लागत आहे.

मधुमेहाच्याही आधीपासूनचे त्याचे दुखणे म्हणजे तोंड. हिरड्या आणि घशाजवळचा, दोन्ही जबडे जिथे मिळतात तिथला भाग लालभडक आणि सुजलेला असतो. लाळ गळते. भूक असूनही तो वाटीपाशी जाऊन परत फिरतो आणि जांभई देताना कळवळतो. आमच्या आधीच्या पशुवैद्यांनी यासाठी दीर्घकाळ परिणाम करणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले होते. त्याने तोंडाला फार आराम पडला, म्हणून ते पुन्हा दिले गेले, आणि त्यानंतर तहान व लघवी वाढून मधुमेहाचे निदान झाले. अलीकडे लघवीच्या मार्गात जंतुसंसर्गही झाला आहे आणि मागच्या पायांची ताकद कमी होऊन तो टाचा जमिनीला टेकवून चालू लागला आहे.

सध्याच्या पशुवैद्यांचे म्हणणे आहे की त्याचे सगळे, निदान दाढांचे तरी, दात काढावेत. मधुमेही मांजराला भूल देण्याची मला भीती वाटते, आणि दात एकदा गेले की ते परत येत नाहीत, हेही मनातून जात नाही. दुसरीकडे, मांजरे पाळणारे काही परिचित सांगतात की या सगळ्याचे मूळ बिघडलेल्या प्रतिकारशक्तीत आहे आणि तीच दुरुस्त केली तर मधुमेह, तोंड आणि संसर्ग हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतील. त्यांनी सुचवलेले उपाय असे : मूलपेशींचे उपचार, अगदी अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोन, औषधी अळंब्यांचे बीटा-ग्लुकान असलेले चूर्ण, इंटरफेरॉन, आणि पायांसाठी अल्फा लिपोइक आम्ल. स्टेरॉइडचा अनुभव घेतल्यानंतर नेहमीच्या औषधांवरचा माझा विश्वास थोडा डळमळला आहे, हे मान्य करते. म्हणून विचारते की मांजराचा मधुमेह प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे होतो का, आणि वरीलपैकी कोणता उपाय शामूसाठी विचारात घेण्याजोगा आहे?


पशुवैद्य_अंजोर

नीलमोहर, मी लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे. शामूला तपासल्याशिवाय मात्रा सांगणे योग्य होणार नाही, परंतु आपल्याला दिल्या गेलेल्या सल्ल्यामागचा विचार मात्र तपासून पाहता येईल. ‘प्रतिकारशक्ती बिघडली आहे’ हे एकच वाक्य त्याच्या तीन वेगवेगळ्या तक्रारींना लावले जात आहे. प्रत्यक्षात मधुमेहाशी प्रतिकारयंत्रणेचा संबंध फारसा नाही, तोंडात ती गरजेपेक्षा जास्त चेतलेली आहे आणि लघवीच्या संसर्गाच्या बाबतीत ती वाढलेल्या साखरेमुळे दुबळी पडली आहे. तिन्ही ठिकाणी तिची अवस्था इतकी वेगळी असताना एकच औषध तिन्हींवर लागू पडेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

मधुमेहाचे आधी पाहू. माणसांच्या टाइप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे तिथे तिला आवर घालणाऱ्या उपचाराला आधार आहे. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती याच तत्त्वावर, आणि तीही रोग पूर्ण प्रकट होण्याआधी त्याला काही काळ लांबवण्यासाठी. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा या प्रकारचा नसतो. तो माणसांच्या टाइप २ मधुमेहाच्या जवळचा आहे : शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, बीटा पेशींवरचा ताण वाढत जातो आणि त्यांच्या पुंजक्यांमध्ये अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते. नव्याने निदान झालेल्या मधुमेही मांजरांच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधण्यात आली, तेव्हा ती सापडली नाहीत. जिथे हल्लाच होत नाही तिथे हल्ला थांबवणाऱ्या उपचाराने मधुमेह जाणार नाही.

शामूच्या बाबतीत स्टेरॉइडचा वाटा मोठा असणे शक्य आहे. स्टेरॉइडमुळे यकृत अधिक ग्लुकोज तयार करते आणि स्नायू इन्सुलिनला कमी दाद देतात. दीर्घकाळ परिणाम करणारे इंजेक्शन तर एकदा टोचले की काढून घेता येत नाही, त्याचा अंमल आठवडेच्या आठवडे राहतो. मात्र यातच आशेची बाजूही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मांजरांची साखर घरच्या घरी वारंवार तपासून ग्लारजिनची मात्रा काटेकोरपणे ठरवण्यात आली. निदानापासून सहा महिन्यांच्या आत हे सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरांचे इन्सुलिन पुढे बंद करता आले, तर उशिरा सुरुवात झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. ज्यांना निदानापूर्वी स्टेरॉइड दिले गेले होते, त्यांचे इन्सुलिन सुटण्याची शक्यता अधिक दिसली. ही मांजरे अतिशय दक्ष पालकांची होती, त्यामुळे सगळीकडे हेच आकडे येतील असे म्हणणार नाही. तरीही वेळेला किती किंमत आहे हे त्यावरून कळते, आणि अपारंपरिक उपचारांचा प्रयोग करण्यात जाणारे महिने याच वेळेतून खर्च होतात.

आता तोंड. आपण केलेल्या वर्णनावरून हा जुनाट जिंजायव्होस्टोमॅटायटिस, म्हणजे हिरड्या आणि तोंडाच्या अस्तराचा दाह, असावा. यात तोंडातील जंतूंच्या थराला आणि बऱ्याच मांजरांत कॅलिसिव्हायरस या विषाणूला प्रतिकारयंत्रणा प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. सुजलेल्या भागात टी पेशी आणि प्लाझ्मा पेशी या प्रतिकारयंत्रणेच्या पेशींची गर्दी झालेली असते. अशा तोंडाच्या मांजराला प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ चूर्ण देण्याचे कारण मला समजत नाही, कारण बीटा-ग्लुकानच्या बाजूने सांगितला जाणारा गुणच मुळी या पेशींना चेतवण्याचा आहे.

दात काढण्याचा सल्ला ऐकायला कठोर वाटतो, पण त्याच्यामागे पुरावा आहे. ९५ मांजरांच्या एका अभ्यासात दात काढल्यानंतर सुमारे दोन तृतीयांश मांजरे पूर्ण बरी झाली किंवा त्यांच्यात मोठी सुधारणा झाली. दाताच्या पृष्ठभागावर जंतूंचा थर सतत बसत राहतो. दात गेले की तो पृष्ठभाग जातो आणि यंत्रणेला चिथावणारे मुख्य कारण दूर होते. दात नसलेली मांजरे उत्तम खातात. पाळीव मांजराला भक्ष्य फाडायचे नसते, आणि शामू सध्या दात असूनही खाऊ शकत नाही.

तोंडातला हा दाह त्याच्या मधुमेहालाही धरून ठेवत आहे. शरीरात कुठेही मोठा दाह चालू असला की इन्सुलिनला होणारा प्रतिरोध वाढतो. लघवीचा संसर्गही तेच करतो. १४१ मधुमेही मांजरांच्या एका पाहणीत साधारण १३ टक्क्यांच्या लघवीत जंतू वाढलेले आढळले होते, त्यामुळे शामूचा संसर्ग हे त्याच्या प्रतिकारशक्तीच्या काही गूढ बिघाडाचे लक्षण मानू नका. लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी (कल्चर) करून योग्य प्रतिजैविक निवडले आणि साखर खाली आली, की पांढऱ्या पेशींचे काम सुधारते.

नाल्ट्रेक्सोनबद्दल एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसावी. ते अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम अडवणारे औषध आहे. अशा तोंडाच्या वेदनेसाठी आणि दात काढल्यानंतर मांजरांना बहुधा ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते, जे याच गटातील आहे. म्हणजे ज्या मांजराला वेदनेपासून सुटका हवी आहे, त्याच्या सुटकेच्याच वाटेवर आपण अडथळा उभा करू. मात्रा अल्प असली तरी शस्त्रक्रियेच्या आसपास तो धोका मी पत्करणार नाही.


वाटसरू

डॉक्टरांचे विवेचन मला पटले, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते सविस्तर मांडतो. ‘अपारंपरिक’ हा शिक्का मारून एखादा उपचार बाजूला सारण्याची घाई होऊ नये. मांजरांच्या एफआयपी या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या रोगाचे उदाहरण फार जुने नाही. हा रोग जवळजवळ हमखास प्राणघातक समजला जात असे. २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ या विषाणुरोधक रेणूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३१ मांजरांना तो दिला गेला आणि त्यांपैकी २५ दीर्घकाळ जगली. त्यानंतरही कित्येक देशांत तो अधिकृतपणे मिळायला काही वर्षे लागली, आणि मधल्या काळात असंख्य पालकांनी तो स्वतः मिळवून आपली मांजरे वाचवली. त्या वेळी त्यांनी केवळ अधिकृत उपचारांवर विसंबून वाट पाहिली असती, तर ती मांजरे आज नसती. पशुवैद्यक शास्त्रात मांजरांसाठी मान्यता मिळालेली औषधे मुळातच थोडी आहेत. आपले पशुवैद्य रोज वापरतात त्यांतील कितीतरी औषधे माणसांसाठी किंवा अन्य प्राण्यांसाठी मान्य झालेली असतात.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की, इंटरफेरॉन ओमेगा हे मांजराच्याच प्रथिनावरून तयार केलेले आणि युरोपात मांजरांच्या विषाणुरोगांसाठी परवाना मिळालेले औषध आहे, तर दात काढण्याआधी त्याचा प्रयत्न का करू नये? औषध लागू पडले नाही तर ते थांबवता येते. काढलेले दात परत बसवता येत नाहीत. नीलमोहर यांची भीती मला अनाठायी वाटत नाही, आणि ज्या उपायातून मागे फिरता येते तो आधी करून पाहावा, हा व्यवहार मला योग्य वाटतो. मूलपेशींबद्दलही तोंडाच्या याच विकारावर काम झालेले आहे. डॉक्टरांनी चूर्णाला आणि नाल्ट्रेक्सोनला उत्तर दिले, पण या दोन उपचारांना अजून दिलेले नाही. ते त्यांनी द्यावे, अशी विनंती आहे.


दुपारसावली

नीलमोहरताई, आमच्याकडे मधुमेही मांजर आहे आणि तिची काळजी माझ्याकडेच असते. मूलपेशी किंवा इंटरफेरॉन यांवर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही, परंतु आपल्या यादीतील शेवटच्या नावाने मी थबकले, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

अल्फा लिपोइक आम्ल शामूला कृपया देऊ नका. माणसांना मधुमेहामुळे पायांत मुंग्या येतात किंवा आग होते, तेव्हा ते दिले जाते, आणि त्यामुळे मांजराच्या कमजोर पायांसाठीही ते चालेल असे सहज वाटते. पण मांजरांना ते माणसांच्या आणि कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे दहापट अधिक विषारी असल्याचे अभ्यासात दिसले आहे. किलोमागे ३० मिलिग्रॅम इतक्या मात्रेने मांजरांच्या यकृतपेशींना इजा झाली होती. माणसांसाठीच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम असतात. चार-पाच किलोच्या मांजराला त्यातली एकच कॅप्सूल काय करील, याचा हिशेब आपणच करून पाहा. मांजराच्या यकृतात काही द्रव्ये निष्प्रभ करणारी वितंचके कमी पडतात, म्हणूनच पॅरासिटामोलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे’, ‘माणसांना सोसते’ किंवा ‘कुत्र्याला दिले होते’ यांपैकी कोणत्याही कारणाने मांजराला काही देऊ नये, असे मी सर्वांना सांगत असते. कांदा-लसूण घातलेली चूर्णे तर त्याच्या तांबड्या पेशीच फोडतात, आणि मद्यार्कात काढलेले वनस्पतींचे अर्कही त्याच्यासाठी नाहीत.

टाचा टेकवून चालणे हे वाढलेल्या साखरेमुळे चेतातंतूंना झालेल्या इजेचे लक्षण आहे. साखर आटोक्यात आली की बहुतेक मांजरांत ते हळूहळू सुधारते, फक्त त्याला वेळ लागतो. आमच्या पशुवैद्यांनी सोबत मिथाइलकोबालामिन दिले होते. आमची मांजर सुधारली. त्यात त्या औषधाचा वाटा किती आणि साखरेचा किती हे सांगणे मात्र कठीण आहे, कारण दोन्ही एकाच वेळी चालले होते.

साखर स्थिर राहत नाही असे आपण लिहिले आहे, पण ती कुठे मोजली जाते ते लिहिले नाही. दवाखान्यात मोजली जात असेल, तर तो आकडा फसवा असू शकतो. घाबरलेल्या मांजराची साखर केवळ भीतीने ३०० मिलिग्रॅमच्याही वर जाते आणि त्या आकड्याकडे पाहून इन्सुलिन वाढवले गेले, तर घरी आल्यावर तीच मात्रा धोकादायक ठरते. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेणे घरी जमते. कान आधी ऊबदार कापडाने गरम करावा, म्हणजे रक्त सहज येते. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, म्हणून कोणते यंत्र वापरता हे पशुवैद्यांना सांगून ठेवा. शक्य असल्यास त्वचेवर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर लावून घ्या. काही मांजरे तो काढून टाकतात, पण राहिला तर रात्रीची साखरही दिसते. मागील एक-दोन आठवड्यांतील सरासरी साखरेचा अंदाज हवा असेल तर फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी आहेच.

ग्लारजिन हे यू-१०० इन्सुलिन आहे. मांजरांसाठीची काही इन्सुलिने यू-४० असतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर मात्रेत अडीच पटींचा फरक पडतो. घरात एकाहून अधिक माणसे इन्सुलिन देत असतील, तर हे प्रत्येकाला माहीत हवे.


नीलमोहर

दुपारसावली, आपण वेळेवर सांगितलेत. लिपोइक आम्ल मागवलेले होते, ते आता दिले जाणार नाही. साखर आतापर्यंत दवाखान्यातच मोजली जात होती. घरी मोजण्याची पद्धत आमच्या पशुवैद्यांकडून शिकून घेणार आहे.

डॉक्टर, वाटसरू यांनी विचारलेला प्रश्न माझाही आहे. शिवाय भुलीबद्दलही थोडे सांगावे, आणि मधुमेहावर मांजरांसाठी आता गोळी निघाली आहे असे ऐकले, ती सुरू करून इन्सुलिन थांबवता येईल का, हेही.


पशुवैद्य_अंजोर

वाटसरू, आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. जीएस-४४१५२४ स्वीकारले गेले ते त्याच्या चाचणीत कोणती मांजरे घेतली, किती दिवस औषध दिले, किती जगली आणि किती दगावली हे सगळे उघडपणे मांडले गेले म्हणून. त्याच्या शेजारी लायसिन ठेवून पाहा. मांजरांच्या हर्पिस विषाणूवर ते वर्षानुवर्षे घरोघरी दिले गेले, पशुवैद्यांनीही लिहून दिले, आणि २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा त्याचा उपयोग होत नसल्याचे दिसले. पालकांचा उत्साह आणि त्यांचे चांगले अनुभव दोन्ही औषधांच्या बाबतीत सारखेच होते. फरक चाचणीनेच दाखवला.

याच कसोटीवर इंटरफेरॉन ओमेगा बऱ्यापैकी उभे राहते, हे मी मान्य करतो. कॅलिसिव्हायरस आढळलेल्या ३९ मांजरांवर दुहेरी अंध पद्धतीने (कोणाला कोणते औषध मिळाले हे पालक व पशुवैद्य दोघांनाही न सांगता) चाचणी झाली, त्यात ते ९० दिवस रोज तोंडातील अस्तराला लावण्यात आले आणि त्याची तुलना स्टेरॉइडशी करण्यात आली. सुधारणा स्टेरॉइडच्या तोडीची होती. मधुमेही मांजरासाठी ही मोलाची गोष्ट आहे, कारण साखर न वाढवता तेवढाच आराम मिळण्याची शक्यता त्यातून दिसते. मात्र ती मांजरे दात काढूनही न सुधारलेली होती. दात तसेच ठेवून, जंतूंचा थर रोज नव्याने बसत असताना हे औषध किती काम करील, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही. त्या तीन महिन्यांत शामूच्या तोंडातील वेदना आणि वाढलेली इन्सुलिनची गरज दोन्ही चालूच राहण्याचा धोका आहे. इंटरफेरॉन थांबवता येते हे खरे. पण हे तीन महिने जातील ते त्याचे इन्सुलिन सुटण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या काळातले असतील. म्हणून माझा क्रम आधी दात आणि गरज उरली तर इंटरफेरॉन असाच राहील.

मूलपेशींचेही तसेच आहे. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दात काढूनही बऱ्या न झालेल्या ७ मांजरांना त्यांच्याच चरबीतून वाढवलेल्या मूलपेशी शिरेतून दिल्या. ५ मांजरांना फायदा झाला, त्यांपैकी ३ पूर्ण बरी झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मांजरांच्या पेशी वापरून केलेल्या प्रयोगात ७ पैकी ४ मांजरांनी प्रतिसाद दिला. आकडे लहान आहेत, पण काम प्रामाणिक आहे, आणि या पेशींचा परिणाम चेतलेल्या यंत्रणेला शांत करण्याचा आहे, जो तोंडाच्या विकाराशी जुळतो. यावरून मधुमेह बरा होईल असे मात्र कोणी म्हणत असेल, तर त्या दाव्याला या अभ्यासांचा आधार नाही. कोणी मूलपेशी देऊ करत असेल तर त्या कुणाच्या आहेत, कुठे वाढवल्या आहेत आणि जंतूंसाठी त्यांची तपासणी झाली आहे का, हे लेखी विचारा. उत्तर देण्यात टाळाटाळ झाली तर तिथून परत या.

कधीकधी या विकारावर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषधही सुचवले जाते. शामूच्या बाबतीत मी ते फार मागे ठेवीन. त्याच गटातील औषधे घेणाऱ्या माणसांत अवयवरोपणानंतर मधुमेह उद्भवतो हे परिचित आहे, आणि मांजरांत त्याच्या वापराने टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग गंभीर रूप घेऊ शकतो.

गोळीबद्दल विचारलेत. बेक्साग्लिफ्लोझिन अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन हे द्रवरूप औषध २०२३ मध्ये मान्य झाले. दोन्ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यांचा उपयोग ज्या मांजरांना पूर्वी इन्सुलिन दिलेले नाही, अशांसाठी सांगितलेला आहे. इन्सुलिनवर असलेल्या मांजराचे इन्सुलिन थांबवून ती दिल्यास, रक्तातील साखर वरवर सामान्य दिसत असतानाच कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. शिवाय शामूच्या लघवीत आधीच संसर्ग आहे आणि त्याचे खाणे अनियमित आहे. तो या औषधासाठी योग्य रुग्ण नाही.

भुलीची भीती समजण्यासारखी आहे, पण मधुमेह हे भूल नाकारण्याचे कारण ठरत नाही. रक्त, मूत्रपिंडे, कीटोन आणि हृदय तपासले जाते. शस्त्रक्रिया सकाळी लवकर ठरवतात, उपाशी ठेवण्याचा काळ कमीत कमी राखतात, त्या सकाळी इन्सुलिनच्या नेहमीच्या मात्रेचा काही भागच देतात आणि भुलीत असताना ठरावीक वेळाने साखर मोजत राहतात. आपल्याला हवी ती व्यवस्था या दवाखान्यात आहे का, हे निःसंकोचपणे विचारा. तोंड फारच दुखावलेले असेल, तर त्याच भुलीत मानेच्या बाजूने अन्ननलिकेत आहारनळी बसवून घेता येते. मधुमेही मांजर दोन दिवस उपाशी राहणे मला दात काढण्याहून अधिक घातक वाटते, त्यामुळे ही नळी मी अशा रुग्णांत आवर्जून सुचवतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे आपल्याला खरी दक्षता घ्यावी लागेल. दाह ओसरू लागला की इन्सुलिनची गरज खाली येते, कधी काही दिवसांतच, आणि जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दुपारसावली यांनी सांगितलेले घरचे मोजमाप म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी शिकून घ्या. इन्सुलिनचा परिणाम सर्वाधिक असताना साखर ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहावी असे साधारणपणे पाहतात. शामू डगमगू लागला, निपचित पडला किंवा त्याला झटके आले, तर हिरड्यांना ग्लुकोजचा पाक किंवा मध लावून लगेच दवाखाना गाठा. पिष्टमय पदार्थ कमी असलेला मऊ, ओला आहार सुरू करणे चांगले, पण तोही पशुवैद्यांना सांगूनच, कारण त्यानेही इन्सुलिनची गरज घटते.

तोंड बरे होऊनही मात्रा वाढतीच राहिली, तर आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाशी निगडित द्रव्याची रक्ततपासणी करून घ्या. ब्रिटनमध्ये १,२०० हून अधिक मधुमेही मांजरांच्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्श्यात हे प्रमाण इतके वाढलेले होते की मेंदूतील पीयूष ग्रंथीच्या गाठीमुळे होणाऱ्या ॲक्रोमेगालीची (वाढीचे संप्रेरक जास्त स्रवण्याच्या विकाराची) शंका घ्यावी लागली. स्वादुपिंडाचा दाहही तपासावा लागेल. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या मांजरात ही कारणे शोधल्याशिवाय प्रतिकारशक्तीला दोष देऊ नये.

आणि दातांच्या पशुवैद्यांना एक गोष्ट आधीच विचारून घ्या : दात काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा संपूर्ण तोंडाचे एक्स-रे काढले जातील ना? मांजराच्या दातांची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. एखादा तुकडा हाडात राहून गेला की त्या जागी दाह धुमसत राहतो, आणि मग ‘दात काढूनही उपयोग झाला नाही’ अशी नोंद होऊन मांजर पुन्हा स्टेरॉइडकडे वळवले जाते.